परवानगीअभावी फेटाळलेल्या अपिलाचा निकाल लागलेला नसतो

खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीसारखा १८६९ पासूनचा सरकारी दारूगोळा कारखाना आणि पुण्याचे केंद्रीय उत्पादन शुल्क खाते, दोन्ही केंद्र सरकारचीच. अशा दोघांत शुल्काचा वाद झाला, तर एकाच सरकारचे दोन हात कोर्टात भांडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ओएनजीसीच्या प्रकरणात एक समिती नेमायला लावली. तिला ‘कमिटी ऑन डिस्प्यूट्स’ म्हणत. तिची परवानगी नसेल तर उत्पादन शुल्काच्या अपिलीय न्यायाधिकरणात अपील पुढे चालत नसे. हेतू चांगला होता. पण फाइल दिल्लीत पडून राही, आणि इकडे न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठासमोर ‘परवानगी दाखल नाही’ एवढ्याच कारणाने अपील फेटाळले जाई.

पुढे १७ फेब्रुवारी २०११ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ही सगळी व्यवस्थाच मोडीत काढली. सारख्याच वादात समितीने एकाला परवानगी दिली आणि दुसऱ्याला नाकारली, हेही त्या निकालातून पुढे आले. तेव्हा प्रश्न असा, की त्या काळात फेटाळलेली अपिले उशिरा का होईना, पुन्हा नोंदवायची की नाही?

विरोधकांचा पहिला मुद्दा अंतिमतेचा. वर्षानुवर्षे गप्प बसलेल्याला कायदा मदत करत नाही, हे खरे. पण अंतिमता निकालाला असते. शुल्क देय आहे की नाही, यावर त्या फेटाळणीत एक शब्दही लिहिला गेलेला नव्हता. ओएनजीसी प्रकरणातल्याच १९९४ च्या आदेशाने तर मुदत वाचवण्यासाठी अपील दाखल करून ठेवण्याची मुभा दिली होती. परवानगी येईपर्यंत ते फक्त पुढे न्यायचे नव्हते. थांबवायला सांगितलेले अपील संपवले कोणत्या न्यायाने? २०१४ मध्ये बालाजी स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अपीलकर्ता गैरहजर असला तरी न्यायाधिकरणाने गुणदोषांवरच निर्णय द्यायला हवा. मग हजर राहून केवळ दुसऱ्याच्या सहीसाठी ताटकळलेल्याला त्याहून वाईट वागणूक का?

दुसरा मुद्दा लोकप्रिय आहे: पैसा सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, मग भांडण कशाला? हा हिशेबच चुकीचा आहे. कारखान्याने भरलेले शुल्क संरक्षण खर्चातून जाई, तर जमा झालेल्या शुल्काचा वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळे. तेराव्या आयोगाने तो ३२ टक्के ठरवला होता. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत गेला आहे. जुन्या मागणीवरचे व्याज आणि दंड आता कंपनीच्या ताळेबंदावर येऊ शकतात.

विलंबाचा तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. २०१२ मध्ये लिव्हिंग मीडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा विलंब माफ केला नाही. सरकारी खाते आहे म्हणून सवलत नाही, असे बजावले. ते योग्यच होते. पण तिथला विलंब त्याच खात्याच्या टेबलांवर झाला होता. इथे विलंबाचे दोन भाग पाडावे लागतात. समितीकडे अर्ज गेल्यापासून फेब्रुवारी २०११ पर्यंतचा काळ अपीलकर्त्याच्या हाताबाहेरचा होता. तो त्याच्या माथी मारणे अन्याय आहे. त्यानंतरच्या काळाचा जाब त्याने द्यावा, आणि तारखांनिशी द्यावा. ज्याने समितीकडे कधी अर्जच केला नाही, त्याच्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही.

कोणी म्हणेल, आता सरकारी कंपन्यांच्या वादांसाठी २०१८ ची नवी प्रशासकीय यंत्रणा आहे. पण तिच्यातून आयकर, सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क वगळलेले आहेत. म्हणजे करवादाला न्यायाधिकरणाखेरीज दार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मुंबई पीठाने अशा प्रत्येक अर्जात समितीकडे अर्ज केल्याची तारीख तपासावी, २०११ नंतरच्या विलंबाचे कारण ऐकावे, ते पटले तर अपील मूळ क्रमांकावर परत घ्यावे आणि शुल्क देय होते की नव्हते, हे एकदाचे ठरवावे.