कळ दाबली, पुढे काय?

संगणकाची कळ दाबूनही काही घडले नाही, की ती बिघडली असा निर्णय पुष्कळ लोक तत्काळ देतात. हा निर्णय उतावळा आहे. दिव्याचे बटण विद्युत्प्रवाह स्वतः तोडते. चालू संगणकाची कळ केवळ विनंती करते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ या प्रमाणसंहितेनुसार ती विनंती प्रथम लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, जाते. तेथून बहुतेक प्रणालींत ती ‘लॉगइन-डी’ या सेवेकडे पोचते. परंतु ग्नोम किंवा केडीई यांसारखा डेस्कटॉप कळीचा कारभार आपल्या हाती घेऊन त्या सेवेला थांबवू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘काही करू नये’ अशी आज्ञा असल्यास विनंती तेथेच विरते.

म्हणून शोधही याच क्रमाने व्हावा. प्रथम पडद्यावरील मेनूतून संगणक निद्रिस्त करून पाहावा. तो निजला, तर दोष कळीच्या मार्गात आहे. न निजला, तर केवळ कळीला दोष देता येत नाही. मग प्रणालीच्या नोंदवहीत कळ दाबल्याची नोंद पाहावी. नोंद असल्यास निरोप सेवेपर्यंत पोचून पुढे अडला आहे. नसल्यास तार, कळ व कर्नेल तपासावेत.

कळ चार सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास संगणक सक्तीने बंद होतो. पण न जतन केलेले लेखन नष्ट होते. तो अखेरचा उपाय होय. शाळांनी विद्यार्थ्यांना या सक्तीपेक्षा शोधाचा क्रम आधी शिकवावा. वैज्ञानिक वृत्तीचा तो उत्तम पाठ ठरेल.