टाळांनी तलवारी बोथट झाल्या नाहीत

संतांनी महाराष्ट्राला टाळकुटा केला, सोसायला शिकवले, म्हणून आपण तीन शतके परक्यांच्या टाचेखाली राहिलो, हा ठपका इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे वजन लावून आजही मिरवला जातो. सनावळीतच तो गारद होतो. ज्ञानेश्वरी पुरी झाली १२९० साली आणि अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला १२९६ साली. ग्रंथ हाताने उतरवून घ्यायच्या त्या काळात एका पोथीने सहा वर्षांत यादवांची फौज निस्तेज केली म्हणता? रामदेवरावाचे मुख्य सैन्य तेव्हा राजपुत्राबरोबर दूर होते. घाईघाईने किल्ल्यावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. कोठाराच्या या हलगर्जीपणाचे खापर आळंदीवर का?

नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती गाणाऱ्यांतूनच १६९९ साली आनंदपूरला खालसा उभा राहिला. भक्तीने मनगटे लुळी पडतात, तर पंजाबात कशी नाही पडली? शीर द्यायला पुढे आलेले पहिले पाच जण पाहा: लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, द्वारकेचा कापड छापणारा छिंबा, जगन्नाथपुरीचा पाणक्या आणि आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी. गुरू गोविंदसिंगांनी या पाचांना एकाच लोखंडी पात्रातले अमृत पाजले आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतले. जातीची शिवाशिव त्या पात्रात बुडाली, म्हणून रणात खांद्याला खांदा लागला.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली हेच मांडले होते, की संतांनी जाती जवळ आणल्या आणि स्वराज्याची भुई तयार केली. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण पुरता नाही. मावळा कीर्तनातून उठून थेट मोहिमेवर गेला नाही. वतने होती, देशमुख्या होत्या, शिवरायांची शिस्त होती. आणि संतांची शिकवण आपण चंद्रभागेच्या वाळवंटातच ठेवली. तिथे एकमेकांच्या पाया पडणारे गावी परतले की पंगती वेगळ्या. ठपका ठेवायचाच तर तिथे ठेवा.

चोखोबांना पंढरीच्या महाद्वाराच्या आत पाऊल टाकता आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधायची मुभा नव्हती, ते कूस. त्यांची समाधीही नामदेव पायरीपाशी, दाराबाहेर. पंढरीचे ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले.