मी उपलब्ध नाही!

माझा स्वभाव भिडस्त आहे, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दारावर येणाऱ्या विक्रेत्याला 'नको' म्हणता येत नाही, म्हणून आमच्या तीन खोल्यांत सहा पायपुसणी आहेत. तेव्हा आपल्या वतीने 'नाही' म्हणण्याचे काम यंत्र करू शकते हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना आपणच करा.

आमच्या ऑफिसात हल्ली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, चॅट करतात. या चॅटची जन्मकथा मोठी गमतीची आहे. स्लॅक नावाचे प्रसिद्ध साधन खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीने आपल्याच माणसांसाठी केले होते. तो खेळ २०१२ साली बंद पडला, पण गप्पांचे साधन तगले आणि २०१४ पासून जगभरच्या ऑफिसांत जाऊन बसले. चॅटवर न मिटलेला प्रश्न व्हिडिओ मीटिंगमध्ये जातो, तिथे न मिटलेला पुढच्या मीटिंगमध्ये. या साऱ्या वेळा सांभाळायला कॅलेंडर, आणि कॅलेंडर सांभाळायला मी!

हा व्याप यंत्राच्या गळ्यात घालावा म्हणून एका रविवारी मी नियम करायला बसलो. मीटिंग सुरू होताच चॅटवर माझ्या नावापुढे 'मीटिंगमध्ये' अशी पाटी लागावी, संपताच उतरावी. अर्ध्या तासाची मीटिंग पंचवीस मिनिटांची आणि तासाची पन्नास मिनिटांची धरावी, म्हणजे मध्ये चहा होतो. (ही सोय गूगलच्या कॅलेंडरात आयतीच असते.) मीटिंगचा वृत्तान्त यंत्रानेच लिहावा. चौथा नियम माझा विशेष लाडका. एखाद्या वेळी आधीच मीटिंग असेल, तर त्या वेळचे दुसरे निमंत्रण यंत्राने परस्पर नाकारावे. नकाराचा मजकूर मी स्वतः घोटून घोटून लिहिला होता: 'आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. त्या वेळी मी अधिक महत्त्वाच्या कामात असल्याने उपलब्ध नाही.'

पंधरा दिवस मी अगदी राजासारखा वागलो. आणि मग २०२३ सालची दिवाळी आली.

आमची ताई जवळच कर्वेनगरला असते. आईवडील गेल्यापासून तिचे माहेर म्हणजे मी. ऑक्टोबरात तिचा फोन आला तेव्हा मी म्हटले, "रोज साडेसातला अमेरिकेची मीटिंग असते. सव्वाआठला सुटतो. भाऊबीजेला साडेआठला ओवाळायला बस!"

लक्ष्मीपूजन झाले, पाडवा उजाडला, तरी ताईचा फोन नाही. शेवटी आमच्या सौभाग्यवतीच म्हणाल्या, "वन्सं गप्प का हो? काही बोललात की काय त्यांना?"

मी फोन लावला.

"उद्या येतो गं साडेआठला."

"कशाला?" ताई म्हणाली. "अधिक महत्त्वाचे काम आहे ना तुला?"

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. मी फोन कधी धड उचलत नाही, म्हणून ताईने भाचीकडून शिकून मला कॅलेंडरवरच निमंत्रण धाडले होते: भाऊबीज, १५ नोव्हेंबर, रात्री साडेआठ.

"दोन सेकंदांत तुझे 'नाही' आले," ताई म्हणाली. "अरे, नाही म्हणायला हरकत नाही. पण मिनिटभर विचार तरी करायचास!"

पण साडेआठला मीटिंग आलीच कुठून? कॅलेंडर उघडले, तर खरोखरच तिथे मीटिंग! अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे तोवर आपले संध्याकाळचे साडेसात, त्यानंतर साडेआठ. कॅलेंडराला हे ऑक्टोबरातच ठाऊक होते. मला नव्हते. यंत्राचे काहीच चुकले नव्हते. साडेआठ म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. भाऊबीज म्हणजे काय हे मात्र मी त्याला सांगितले नव्हते, आणि 'अधिक महत्त्वाचे काम' हे शब्द तर माझेच होते.

त्या रात्री मी अमेरिकेतल्या साहेबांना स्वतःच्या बोटांनी लिहिले, 'उद्या बहिणीकडे जायचे आहे, मीटिंगला येणार नाही.' आयुष्यातला माझा पहिला स्वहस्ते दिलेला नकार! पाच मिनिटांत उत्तर आले, 'अवश्य जा.' एवढेच. यासाठी मी एवढे यंत्र उभारले होते!

दुसऱ्या दिवशी ताईने ओवाळले. बासुंदी नव्हती. "येणार नाहीस म्हणून केली नाही," ती म्हणाली आणि तेलाची वात सारखी करीत राहिली. तिचे डोळे निरांजनाच्या धुराने भरले होते, असे आम्ही दोघांनीही ठरवून टाकले. घरी येऊन मीटिंगचा यांत्रिक वृत्तान्त वाचला. माझ्यावाचून तिथे कशाचेही अडले नव्हते.

चौथा नियम मी त्याच रात्री पुसला. बाकीचे अजून आहेत. पाटी लावावी, चहापुरती फुरसत काढावी, त्यात यंत्र वाकबगार आहे. आता दोन निमंत्रणे एकमेकांवर आदळली की ते मला विचारते, आणि उत्तर माझे मी देतो.

पुढच्या वर्षी ताईचे निमंत्रण पुन्हा कॅलेंडरवरच आले. मी सगळी कामे बाजूला सारून, शब्द जुळवून, प्रेमाने लिहिले, 'नक्की येतो.' लगेच फोन वाजला.

"चार मिनिटे लागली," ताई म्हणाली. "एवढा विचार करावा लागला होय रे?"