ऑपरेशन यशस्वी म्हणे!

मामाला अर्धांगवायू झाल्यापासून पोलादपूरला भेटायला येणारा प्रत्येक जण मुंबई-गोवा महामार्गाला शिव्या घालून जातो. २०११ पासून काम चाललंय, शिव्या रास्तच आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन. आमचे ते तास कुठे गेले ते मला माहीत आहे. पण मंडळी, गुठळी काही रस्त्यात झाली नव्हती.

मुंबईत बायपास झाली. तिसऱ्या रात्री ठोके अनियमित झाले, दोन दिवसांत ताळ्यावर आले. "होतं असं, गेलं आता." होतं हे खरं, हृदयाच्या ऑपरेशननंतर चार-पाच जणांत एकाला तरी होतं. 'गेलं' हे मात्र अर्धसत्य. तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी धरते. सुटली की मेंदूत. आणि तसे ठोके घरी आल्यावर गुपचूप परत येऊ शकतात. म्हणून कागदावर वॉरफरिन लिहिलं होतं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. मीठ-तेलाचं पथ्य मात्र अगदी तपशीलवार!

वॉरफरिन म्हणजे रक्ताची आयएनआर तपासणी आली, म्हणजे एसटीने महाडची खेप. दोन खेपा झाल्या, मग हिरड्यांतून रक्त आलं. मामीचा फोन, "रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या कशाला रे?" मी म्हणालो, "ॲस्पिरिन आहे ना, दुसरी राहू दे." शहाणा भाचा! ॲस्पिरिन बायपासच्या रक्तवाहिन्यांसाठी होती, या गुठळीला ती पुरत नाही. सातव्या आठवड्यात मामाच्या हातून चहाचा कप पडला.

चूक माझी आहेच. पण "खेड्यातल्या लोकांना समजावून उपयोग नसतो" हे मी ऐकून घेणार नाही. याच महाडात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनची साधी गोळी देऊन विंचूदंशाची माणसं वाचवली, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे येणारे खेड्यातलेच होते ना? मग घरी सोडताना मराठीत एक ओळ लिहायला काय जातं: 'ही गोळी न विचारता बंद करू नका, मेंदूत गुठळी जाऊ शकते'?

ताई, भावोजींची बायपास पुढच्या महिन्यात आहे ना? ठोके बिघडले होते का, गोळी किती दिवस, आयएनआर न लागणारी नवी गोळी चालेल का, हे डॉक्टरांनाच विचार. मला नको.