कुठलं ग्रीस लावताय?

परवा एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या मोटारीचं दार करकरत होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली, बिजागरीवर ओतली, आवाज थांबला आणि "झालं काम!" म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी नुसता हसलो. घरी येईपर्यंत मात्र चुटपुट लागली. आपण बोलायला हवं होतं. कारण असंच एकाचं न बोलणं मला पूर्वी महागात पडलं होतं, आणि त्या वेळी चूक माझी होती.

आमच्या लहानपणी वंगण म्हणजे एकच. बैलगाडीखाली त्याचं नळकांडं लटकलेलं असायचं. एरंडेल आणि काजळी. चाक कुरकुरलं की बोटभर काढून आसाला लावायचं. गाडीला आस एक, चाकं दोन. एका वंगणात भागत होतं. गाडी बदलली, पण आमची समजूत तीच राहिली. चिकट, तेलकट काहीही लावा, चालतं. त्यातून डब्यावर 'मल्टिपर्पज' लिहिलेलं असलं की मग विचारूच नका!

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. गाडीचे ब्रेक पॅड बदलायचे होते. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याने चाक काढलं. पॅड ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतात, त्या कोरड्या पडल्या होत्या. मी डिकीतून चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस काढून दिलं. "हेच लाव रे, महागातलं आहे." त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं सर" म्हणाला आणि लावलं.

दीड महिन्याने आम्ही चिपळूणला निघालो. मी, ही आणि मागच्या सीटवर नात. कुंभार्ली घाट उतरताना जळका वास येऊ लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पोफळीजवळ नातच म्हणाली, "आजोबा, चाकातून धूर येतोय." थांबून पाहतो तर चाकाजवळ हात नेववेना. खाली एका मेकॅनिकने ते उघडलं. पिनेवरचं रबर फुगून टम्म झालं होतं, पिन अडकली होती आणि पॅड सबंध घाटभर डिस्कला घासत आला होता. "ब्रेकच्या रबराला हे ग्रीस कोणी लावलं?" त्याने विचारलं. मी नातीकडे पाहिलं आणि म्हणालो, "मीच."

कारण पुढे पुतण्याने समजावलं. ब्रेकमधलं रबर ब्रेकच्या द्रवात टिकावं म्हणून निवडलेलं असतं. तो द्रव खनिज तेलाच्या कुळातला नसतो. नेहमीचं ग्रीस मात्र बहुधा त्याच कुळातलं. ते लागलं की हे रबर तेल पितं आणि फुगतं. तिथे सिलिकोनचं किंवा खास ब्रेकसाठी बनवलेलंच ग्रीस हवं. माझं ग्रीस वाईट नव्हतं, जागा चुकली होती. शब्द शुद्ध असला तरी चुकीच्या वाक्यात अनर्थ करतोच ना, तसंच!

तेव्हापासून मी यात थोडं लक्ष घातलं. ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेल. तेलाला धरून ठेवतो तो साबण. अंगाला लावायचा नव्हे, कॅल्शियम, लिथियम अशा धातूंचा. साध्या कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊन वाहू लागतं. लिथियमचं साधारण १८० अंशांपर्यंत तग धरतं. डब्यावर 'एनएलजीआय २' असं काही असतं. हा आकडा दर्जाचा नसतो, घट्टपणाचा असतो. ०००, ००, ० पासून ६ पर्यंत. मोटारीत बहुतेक ठिकाणी २ चालतं.

म्हणजे डबा उघडण्याआधी तीन प्रश्न. इथे काय कशाला घासतं? किती तापतं? आणि शेजारी कोण आहे, रबर की धूळ? चाकाच्या बेअरिंगला उष्णता सोसणारं लिथियम कॉम्प्लेक्स. तेही ठासून भरलं तर घुसळून उलट तापतं. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटला मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, कारण तिथे दाब फार. दाराच्या बिजागरीला साधं लिथियम ग्रीस पुरे. दाराच्या रबराला आणि काचेच्या खाचेला सिलिकोन. कुलपाच्या भोकात तेल नको, त्यात धूळ बसून चिखल होतो. तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड. बॅटरीची टोकं घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आणि जुन्यावर नवं ग्रीस थापू नये. दोघांचे साबण जमले नाहीत तर सगळंच पातळ होऊन गळून जातं.

कोणी म्हणेल, एवढे डबे कोण सांभाळणार? खरं आहे, आणि सांभाळूही नयेत. घरी लिथियम ग्रीसचा लहान डबा, सिलिकोनचा फवारा आणि ग्रॅफाइटची पुडी एवढं वर्षानुवर्षं पुरतं. ब्रेक आणि बेअरिंग जाणत्याच्या हाती द्यावं. पण देताना "कुठलं ग्रीस लावताय?" एवढं विचारावं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आपण कपाटात ठेवतो. ते एकदा त्याच्यासमोर उघडावं. महाग म्हणजे योग्य, ही समजूत मात्र सोडावी.

आणि जाणत्यानेही बोलावं. घाटातून परतल्यावर मी त्या विद्यार्थ्याकडे गेलो. "तुला ठाऊक होतं का रे?" तो म्हणाला, "शंका आली होती सर, पण तुम्हाला कसं सांगणार?" मला रागवता येईना. बत्तीस वर्षं वर्गात 'उलट बोलू नका' हे मीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्याला म्हटलं, यापुढे माझ्याशी उलटच बोल.

म्हणून आज सकाळी स्नेह्यांना फोन केला. खोबरेल तेलावर धूळ बसते आणि थंडीत ते बिजागरीतही थिजेल, असं सांगितलं. ते जरा दुखावले. असो, दुखावू देत. रबर फुगण्यापेक्षा माणूस थोडा वेळ फुगलेला बरा!