निरंक

आळंदी रस्त्याने पुण्याकडे येताना विश्रांतवाडी पोलीस ठाण्यासमोर आरोग्य भवन लागते. टपालाच्या पत्त्यात येरवडा लिहितात, पण रिक्षावाल्याला खूण सांगायची ती विश्रांतवाडी पोलीस ठाण्याचीच. फुलेनगरच्या आरटीओत लायसन्ससाठी हेलपाटे घालणारे रोज या रस्त्याने जातात. आषाढीला माउलींची पालखीही याच रस्त्याने पुण्यात येते. या फाटकाच्या आत काय चालते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आत मोजणी चालते. कुष्ठरोग व क्षयरोगाचे सहसंचालक इथे बसतात, आणि हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोगांचेही. गडचिरोलीच्या टोल्यावर घेतलेला रक्तनमुना, मालेगावातल्या विणकराचा बेडका, पालघरच्या पोराच्या पाठीवरचा बधिर चट्टा यांचा शेवटी आकडा होतो आणि तो इथल्या तक्त्यात येऊन बसतो. इथून तो दिल्लीला जातो, दिल्लीहून जिनिव्हाला. आरोग्याच्या जागतिक ध्येयाकडे कोणता देश किती सरकला, हे जिनिव्हात छापतात. त्यातला महाराष्ट्राचा रकाना भरण्याची जबाबदारी मात्र या आळंदी रस्त्यावरची.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे २०२५ साल सरले. क्षयरोग संपवण्याची जगाची मुदत २०३० आहे. आपण ती पाच वर्षे अलीकडे ओढली आणि २०१८च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी दिल्लीत तसे जाहीर केले. राष्ट्रीय योजनेत २०२५साठी लिहिलेले लक्ष्य होते दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ४४ नवे रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२४मध्ये ते होते १८७. २०१५मध्ये हाच आकडा २३७ होता, म्हणजे नऊ वर्षांत २१ टक्क्यांची घट झाली. याच काळात जगाची घट १२ टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा आपण रांगत होतो, असे कोणी म्हणू नये. आपण चाललो, जगापेक्षा झपझप चाललो, पण मुक्काम सांगितला होता त्याच्या जवळपासही पोचलो नाही. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. सरकारी पत्रकात पहिले असते, विरोधकांच्या पत्रकात दुसरे.

आमचा मुद्दा मुदत हुकल्याचा नाही. मुदती हुकतातच. १९७८मध्ये अल्मा-आता येथे जगाने 'सर्वांसाठी आरोग्य, इसवी सन २०००पर्यंत' असे ठरवले. नंतर २०१५ आले, आता २०३० आहे. आमचा मुद्दा मोजण्याचा आहे, आणि त्याहीपेक्षा एका शब्दाचा.

तो शब्द आहे 'निरंक'. सरकारी मराठीचा हा लाडका शब्द. उपकेंद्रातून अहवाल जातो : हिवताप निरंक, संशयित कुष्ठरुग्ण निरंक, मातामृत्यू निरंक. कागद स्वच्छ, वरिष्ठ प्रसन्न. मात्र 'शोधले आणि सापडले नाही' हेही निरंक, आणि 'शोधलेच नाही' हेही निरंकच. मधला फरक कागदावर उमटत नाही. आढावा बैठकीचे शास्त्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक आहे, की ज्याच्या तालुक्याचा आकडा वाढला त्याला उभे करून खुलासा मागतात. ज्याचा आकडा शून्य, त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहतही नाही. माणूस एका बैठकीत शहाणा होतो.

क्षयरोगाच्या कार्यक्रमाला एक श्रेय दिले पाहिजे. वरच्या पातळीवर तरी वाढता आकडा म्हणजे अपयश नव्हे, हे तिथे कळले. २०१२मध्ये क्षयरुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाली आणि निक्षय हे पोर्टल आले. नोंदलेले रुग्ण वाढत २०२४मध्ये २६ लाखांवर गेले. रोग वाढला म्हणून ते वाढले नाहीत, तर जे आधी कोणाच्याच वहीत नव्हते ते वहीत आले. ७ डिसेंबर २०२४ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. एक्स-रेची यंत्रे वस्तीत नेली. ७ लाखांहून अधिक रुग्ण सापडले, आणि त्यांतले २ लाख ८५ हजार असे की त्यांना ना खोकला होता ना ताप. खोकला आहे का, एवढेच विचारून परतले असते तर ते सगळे निरंक होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तर असे दिसले, की लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याही दवाखान्याची पायरी चढलेले नव्हते.

एवढे कळूनही खाली गावात काय उतरले? क्षयरोगमुक्त ग्रामपंचायत. जी पंचायत निकषांत बसेल तिला महात्मा गांधींचा पुतळा देतात. पहिल्या वर्षी कांस्य, सलग दुसऱ्या वर्षी रजत, तिसऱ्या वर्षी सुवर्ण. निकष वाचले तर ते अडाण्याने केलेले नाहीत. पहिलीच अट आहे, हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी व्हायला हवी. शाबास! पण तिच्या शेजारची अट अशी, की हजारामागे रुग्ण एक किंवा त्याहून कमी असावा. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात दोन रुग्णांपर्यंत माफ, तिसरा सापडला की पुतळा गेला. आता या गावातल्या तिसऱ्या रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पुण्याला कामाला होता, खोकत घरी आला. सरपंच म्हणणार, तुझे नाव पुण्यातच लावून घे की! वाईट हेतूने नव्हे, गावाच्या कौतुकापोटी. हगणदारीमुक्तीची पाटी वेशीवर आणि मंडळी डबा घेऊन पाटीमागे, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. आणि गांधींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या जखमा सेवाग्रामात स्वतःच्या हाताने धुतल्या होत्या. रुग्ण कमी दाखवल्याबद्दल त्यांचाच पुतळा मिळावा!

कुष्ठरोगाची गोष्ट याहून बोधप्रद आहे, आणि ती पूर्ण झालेली असल्याने सांगायला सोपी. १९९१मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठरवले, की २०००पर्यंत कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' करायचे. निर्मूलन म्हणजे काय? दहा हजार लोकांमागे उपचाराखालचा रुग्ण एकापेक्षा कमी. आपल्या भाषेत निर्मूलन म्हणजे मूळ उपटणे. पण या व्याख्येने २०११च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात अकरा हजार रुग्ण औषध घेत असले तरी निर्मूलन झालेलेच असते. शब्द भाषांतराने आला, अर्थ जिनिव्हातच राहिला.

पुढचा भाग हिशेबनिसाला आवडेल असा आहे. मोजायचे ते ३१ मार्चला वहीत असलेले रुग्ण. वहीत कोण? ज्याचे औषध चालू आहे तो. जास्त जंतू असलेल्या रुग्णाला आधी चोवीस महिने औषध देत, ते १९९८च्या सुमारास बारा महिन्यांवर आले. एकच चट्टा असेल त्याला काही काळ एकच डोस देत. तो त्याच दिवशी बरा आणि त्याच दिवशी वहीबाहेर. औषध कमी करण्याला वैद्यकीय आधार होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्याच माणसांना तोच रोग होत असताना वही अर्धी झाली, आणि अर्ध्या झालेल्या वहीला प्रगती म्हटले गेले. २००५च्या डिसेंबरात भारताने उंबरठा ओलांडला आणि निर्मूलनाची घोषणा झाली. घोषणेनंतर काय होते, ते कोणत्याही लग्नघरात पाहावे. मांडववाले मांडव सोडू लागतात. कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले, घरोघरचा शोध मंदावला. २०१६पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू कराव्या लागल्या, आणि शोधले तसे हजारो नवे रुग्ण हाती आले. आजही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण सापडतात. जगातल्या निम्म्याहून अधिक. आता २०२७पर्यंत संसर्ग थांबवण्याचे नवे ध्येय आहे.

खरे मोजायचे असेल तर दोनच गोष्टी विचाराव्यात. नव्या रुग्णांत मुले किती? आणि रोग ओळखला त्या दिवशी हाताची बोटे आधीच वाकलेली होती, असे किती? मूल सापडले म्हणजे संसर्ग ताजा आहे. बोटे वाकलेली सापडली म्हणजे आपण उशिरा पोचलो. औषधाचे महिने कमीजास्त करून हे आकडे हलवता येत नाहीत.

हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या मोहिमेबद्दल एकच. गोळ्या वाटल्या किती आणि गिळल्या किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. आशाताईसमोर गिळायची गोळी 'जेवण झाल्यावर घेतो' म्हणून खिशात जाते, आणि वहीत मात्र ती पोटात गेलेली असते.

शून्याची घाई काय करते, याचा धडा समुद्रापलीकडे मिळतो. १९६३मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हिवतापाचे फक्त १७ रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, शोध थंडावला, आणि १९६८-६९मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक लोकांना हिवताप झाला. आपलेही तेच. साठच्या दशकात आकडा लाखाच्या घरात आला होता, १९७६मध्ये तो ६४ लाखांवर गेला. श्रीलंकेला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले ते २०१६मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी.

आणि मृत्यू? भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी २०२०मध्ये जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने कारण लिहून दिले होते. बाकीचे कशाने गेले, ते अंदाजाने. म्हणून हिवतापाने वर्षाला मरणारे भारतीय एकाच काळात सरकारच्या वहीत हजाराच्या आसपास, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजात पंधरा हजार आणि २०१०च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात दोन लाख पाच हजार होते. यातले कोणते खरे, यावर तज्ज्ञ भांडतील. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. डॉ. अभय बंग आणि तेरा संस्थांनी २००१मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, तो गावोगाव मेलेली मुले मोजून. सरकारी वहीपेक्षा आकडा कितीतरी मोठा निघाला. आधी संताप झाला, मग शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद बंगांनाच दिले. हे शासनाला शोभून दिसले. कोविडमध्ये, २०२१च्या जूनमध्ये, राहून गेलेले हजारो मृत्यू महाराष्ट्राने यादीत घातले, तेव्हा मात्र 'महाराष्ट्रच का सर्वांत वर?' असे टोमणे ऐकावे लागले. ज्याने कमी मोजले त्याला कोणी विचारले नाही.

देवी घालवताना याच देशाने उलट केले होते. ज्याने रुग्ण दाखवला त्याला बक्षीस! ही रक्कम पन्नास रुपयांपासून वाढत अखेर हजार रुपयांवर गेली. पाड्यावरचा पोरगा, बाजारातला भाजीवाला, कोणीही येऊन सांगावे आणि पैसे न्यावेत. रुग्ण सापडणे ही तेव्हा लाज नव्हती, कमाई होती. शेवटचा रुग्ण १९७५च्या मेमध्ये आसामात सापडला. त्यानंतर हजार रुपये जाहीर असूनही ते नेण्याजोगी खबर कोणाकडे नव्हती. एप्रिल १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले.

आरोग्य भवनातल्या पुढच्या आढाव्यात एवढे करून पाहावे. तक्त्यात 'सापडले' या रकान्याच्या आधी 'किती घरे फिरलात' हा रकाना घ्यावा. निरंक पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा, आणि ज्याचा आकडा वाढला त्याला शेवटी बोलावून चहा पाजावा. पुतळे द्यायचेच असतील तर ते शोधणाऱ्या गावाला द्यावेत.

आणि वाचकहो, निरंक काही फक्त उपकेंद्रातूनच जात नाही. आशाताई दारात उभी राहून 'घरात कोणाला दोन आठवड्यांपासून खोकला आहे का, अंगावर चट्टा आहे का?' असे विचारते, तेव्हा आतूनच 'आमच्याकडे कोणी नाही' असे ओरडू नका. दार उघडा, तिला पाणी द्या आणि घरातल्या सगळ्यांची नावे सांगा.