ओसरीवरून : खोटी हार

सुटी लागली की आमचे घर भरते. यंदाही वैशाखात दोन्ही चिरंजीव सहकुटुंब आले, मागोमाग कन्याही मुलांना घेऊन आली. घर भरले खरे, परंतु ओसरी रितीच राहिली. जो तो आपापल्या कोपऱ्यात हातातील यंत्रात डोळे घालून बसलेला. उपदेश करावा, ही आमची शिक्षकी खोड. परंतु आयुष्यभर मुले शिकविल्यावर एवढे उमगले आहे की ‘ते सोड’ असे दहादा सांगण्यापेक्षा ‘हे घे’ असे एकदा म्हणणे अधिक फलदायी होते. म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरविली आणि तीतून आमच्या आत्याबाईंचा सारीपाट बाहेर काढला.

मांजरपाटावर तांबड्या कापडाच्या पट्ट्या शिवून आत्याबाईंनी तो स्वहस्ते केला होता. मध्ये एक घर, त्याला चार भुजा, प्रत्येक भुजेत तीन रांगा व रांगेत आठ घरे. म्हणजे मधले घर सोडून एकंदर ९६ घरे झाली. चार रंगांच्या सोळा सोंगट्या, लांबट फासे, आणि फासे हरवलेच तर कवड्या. मुले गोळा झाली. ‘आजोबा, हा तर कापडाचा ल्यूडो!’ असे एक नात म्हणाली. तिला सांगावे लागले की नाते उलटे आहे. आपल्या पचिशीवरूनच इंग्लंडात ल्यूडो बेतला गेला व १८९६ साली त्याचे पेटंट घेण्यात आले. मात्र समुद्र ओलांडताना या खेळातील एक मोठी गोष्ट गळून पडली. ल्यूडोत सामान्यतः चौघे चार दिशांना एकेकटे धावतात. सारीपाटात समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असतात, आणि आपल्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी जोडीदाराच्या पोचेपर्यंत विजय नाही. आत्याबाई आपली शेवटची सोंगटी कित्येकदा जाणून बुजून मागे ठेवीत. जोडीदाराच्या पाठीवर असलेली परक्याची सोंगटी मारावयास कोणी तरी मागे हवे ना! एकत्र कुटुंब कशास म्हणतात, हे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी त्या पटावर पाहिले.

खेळ म्हणजे पोरकटपणा, असे मानणारे काही विद्वान असतात. त्यांनी पाणिनीचा पाचवा अध्याय उघडावा. तेथे ‘अयानयीन’ हा शब्द सिद्ध केलेला आहे. पटावरील उजवी चाल तो अय आणि डावी चाल तो अनय, असा उलगडा भाष्यकार पतंजलींनी केला आहे. अशा चालींतून न्यावयाची जी सोंगटी, ती अयानयीन. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत तर साक्षात शंकर-पार्वती अक्षक्रीडेत रमलेली कोरली आहेत. जेथे महादेवाला पत्नीसमोर पट मांडून बसण्यात कमीपणा वाटला नाही, तेथे आपण कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि तो सांगताना आम्हांस स्वतःची एक चूक कबूल करावी लागणार आहे.

आमचा नऊ वर्षांचा नातू बुद्धिबळाचा भारी शौकीन. पहिल्या दिवशी त्याच्याशी खेळलो व जिंकलो. त्याचा चेहरा उतरला आणि आमच्या पोटात कालवले. दुसऱ्या दिवशी आम्ही एक घोडा ‘चुकून’ मारू दिला, तिसऱ्या दिवशी वजीर उघडा टाकला. नातू जिंकला, सर्वांनी टाळ्या पिटल्या. चौथ्या दिवशी मात्र त्याने पट मांडलाच नाही. कारण विचारता खाली मान घालून म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही मुद्दाम हरता. मग मी जिंकलो कुठे?’

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर आले ते दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या चिरंजीवांकडून, आणि तेही आमच्या अपेक्षेबाहेरचे. ते हसत म्हणाले, ‘अण्णा, माझ्याशी खेळताना तुम्ही कधी मुद्दाम हरला नाहीत. पण तुमच्याशी खेळायला बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. प्रत्येक चालीनंतर चूक दाखवायचात. म्हणून तर मी बाराव्या वर्षी बुद्धिबळ सोडलं.’

शब्द हसत उच्चारले होते, तरी ते आम्हांस लागावयाचे तेथे लागले. मुलाने खेळ का सोडला, हे तीस वर्षांत आम्ही एकदाही विचारले नव्हते. अभ्यासाकडे लक्ष लागले असेल, अशी आपली समजूत करून घेतली होती. पुत्राला आम्ही पटावर शिकवीत राहिलो, खेळलो कधीच नाही. त्या अपराधाची भरपाई म्हणून की काय, नातवापुढे खोटे हरू लागलो. दोन्ही वेळा समोरच्या बालकाला आम्ही बरोबरीचा भिडू मानला नाही, हेच त्यातील सत्य होय. सदा जिंकणारा वडील मुलाचा उत्साह मारतो, तर मुद्दाम हरणारा आजोबा त्याच्या विजयाची चव नासवतो.

मग करावे काय? त्या रात्री विचार केला, तेव्हा ध्यानात आले की पूर्वजांनी याची तोड खेळांतच ठेवली आहे. वयाप्रमाणे खेळ निवडावा, म्हणजे खोटेपणाची गरज उरत नाही.

अगदी लहानग्यांसाठी मोक्षपट, म्हणजे आजची सापशिडी. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातील साप खाली ओढतो. ज्ञानेश्वर महाराजांनी हा खेळ रचला अशी परंपरा सांगते, परंतु आज पाहावयास मिळणारे जुने पट त्यांच्यानंतर काही शतकांचे आहेत. येथे सर्व काही दानावर अवलंबून, म्हणून चार वर्षांची नात आणि सत्तरीची आजी यांत कणभरही भेद नाही. आजीला साप गिळतो तेव्हा ती खरीच हरलेली असते, हे नातीलाही ठाऊक असते.

त्याच्या वरची पायरी सारीपाटाची. दान दैवाचे, पण कोणती सोंगटी हलवावी हे आपल्या हाती. येथे थोरांच्या शहाणपणाला वाव आहे, आणि धाकट्यांना दैवाचा आधार आहे. संबंध घराने मिळून खेळावयाचा खेळ तो हाच.

शेवटी बुद्धिबळ. यात दैवाला स्थान नाही, म्हणून येथे दुबळ्याला सवलत हवी. परंतु ती चोरून न देता उघड द्यावी. खेळ मांडतानाच थोराने आपला वजीर पटाबाहेर ठेवावा व नंतर जीव तोडून खेळावे. आपल्या देशी बुद्धिबळात प्याद्याने केलेली मात, ती प्यादेमात, अधिक मानाची समजत. बलवानाने स्वतःवर कठीण अट घालून घ्यावी, यात आपल्या लोकांना पूर्वीपासून गोडी होती. आणि बरोबरीचा भिडू घरातच लाभला तर काय घडते, हे खाडिलकर भगिनींनी दाखविले आहे. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, आणि प्रारंभीची काही वर्षे तिचे अजिंक्यपद वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी बहिणींतच फिरत राहिले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या नातीने ती बातमी कापून भिंतीला लावली.

येथे दोन पथ्ये सांगून ठेवतो. पहिले, पण म्हणून काहीही लावू नये, शेंगदाणेसुद्धा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे आणि धर्मराजाची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. शेंगदाण्यांनी आरंभ झालेल्या गोष्टीचा शेवट कोठे होतो, हे कोणी सांगावे? दुसरे, घरातील स्त्रियांचे हात मोकळे झाल्यावाचून पट मांडू नये. पुरुषांनी व मुलांनी ताटे-वाट्या उचलाव्या, ओटा पुसावा, मग सर्वांनी बसावे. आमच्या सूनबाईंइतका फाशांचा हात आणि सोंगट्यांची नजर घरात दुसऱ्या कोणाला नाही, हा शोध आम्हांस लग्नानंतर चौदा वर्षांनी लागला. याचा दोष अर्थातच त्यांचा नव्हे.

पाचव्या दिवशी नातवासमोर बसलो आणि आमचा वजीर उचलून त्याच्या हाती दिला. ‘आज एवढेच देतो, याहून काही नाही,’ असे म्हटले. तो हरला. सहाव्या दिवशीही हरला. सातव्या दिवशी सायंकाळी त्याने आमच्या राजाला कोपऱ्यात गाठले. आम्ही दहा मिनिटे वाट शोधली, ती नव्हती. या वेळी टाळ्या वाजण्यापूर्वीच त्याने आमच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तेथे खोट दिसली नाही, तेव्हा तो उड्या मारीत अंगणात पळाला.

त्या रात्री सारीपाट मांडताना थोरले चिरंजीव काही न बोलता आमच्या समोरच्या जागी येऊन बसले, म्हणजे जोडीदाराच्या जागी. आम्ही त्यांची एकही चाल सुधारली नाही. दोनदा जीभ चावावी लागली, ही गोष्ट निराळी.

असो. येत्या कोजागरीला जागरणासाठी पट मांडण्याची जुनी चाल आहेच. वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. ती उतरवा. मुलांशी खेळावयास बसाल तेव्हा सवलत द्यायची ती उघड द्या आणि मग खरे खेळा. हार आली तर ती खरी असू द्या.